लायप्झिगचे सात जण

"हे खोटं आहे. काढून टाक," श्यामकांत म्हणाले आणि त्यांनी काठीचं टोक फलकावर टेकवलं.

संहिता चरकली. नेदरलंड्समधल्या झूटरमेरच्या ग्रंथालयात तासाभरात प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारनं नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांशी मैत्री कशी जमवली, या विषयावर ती चार वर्षं राबली होती. मधला फलक बाबांचा होता: १९६५ साली लायप्झिगच्या कारखान्यात छपाईयंत्रं शिकायला गेलेले सात मराठी तरुण. त्यासाठीच तर बाबांना पुण्याहून मुद्दाम बोलावलं होतं. आणि बाबा फलक वाचून भडकले होते.

"काय खोटं आहे त्यात?" तिचाही आवाज चढला. "त्यांना दिल्लीची मान्यता हवी होती. म्हणून तुम्हाला फुकट शिकवलं, हारतुरे घालून फोटो काढले आणि वर निवेदनावर सह्या घेतल्या. प्रत्येकानं आपापल्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, म्हणजे मैत्री खरी दिसते. गुरुनाथकाकांनी मराठीत लिहिलं, 'शिकायला आलो आहे, तुमची टिमकी वाजवायला नाही.' त्याबद्दल त्यांना आठ दिवसांत परत पाठवलं. जन्मभर मिरजेच्या छापखान्यात खिळे जुळवत बसले ते. संताप येतो मला, बाबा. तुम्हाला येत नाही?"

"येतो ना."

"मग? सगळ्यांवर सक्ती होती, एवढंच तर मी लिहिलंय. तुमच्याकडे बोट दाखवलेलं नाही कुठंच."

"तेच काढ म्हणतोय."

तिला रडू फुटेल असं वाटलं. इतक्या मायेनं बाबांची बाजू मांडावी आणि त्यांनीच ती अशी झिडकारावी. बावीस वर्षांची पोरं होती ती. एका अख्ख्या सरकारपुढे त्यांचं काय चालणार होतं?

"तुमचा काय दोष होता त्यात?" ती चिडून म्हणाली.

श्यामकांत फोटोतल्या हसऱ्या गुरुनाथकडे बघत राहिले.

"त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या गं, गुरुनाथच्या त्या ओळीला," ते म्हणाले. "शुभेच्छा आहेत असं वाटलं त्यांना. सबंध कारखान्यात मराठी वाचता येणारे आम्ही सातच. संध्याकाळी साहेबाच्या खोलीत जाऊन त्याचा अर्थ मी सांगितला. मला कुणी विचारलंही नव्हतं."