दोन तुळयांमधली जागा

घर विकू या म्हणून थोरला वर्षभर आईच्या मागे लागला होता, आणि "माझ्या जिवात जीव आहे तोवर वरची खोली सोडायची नाही," असं तिने त्याला ठणकावून सांगितलं होतं. शेवटी तोच नरमला. "बरं, राहा तिथेच. तुझ्या पलंगाखालच्या फळ्या करकरतात, त्या तरी खालच्या बाजूने घट्ट करून देतो," म्हणाला.

पोरगा ताळ्यावर आला म्हणून आईची मान ताठ झाली. ड्रिल घ्यायला ती जातीने दुकानात गेली. त्याच्या निवडीवर तिचा भरवसा नव्हता. त्याने बायको निवडली तेव्हापासूनच नव्हता.

दुकानदाराने आधी एक धिप्पाड ड्रिल काढलं. "ही काय तोफ आहे? दोन तुळयांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा. तिथे हे शिरणार कसं?" मग बॅटरीवरचं, आखूड मानेचं एक आलं. तिने ते वितीने मोजलं, किमतीवरून दुकानदाराला घाम फोडला आणि थोरल्याच्या हातात ठेवलं.

"हे घे. स्वस्तही आहे आणि अडचणीत हातही फिरेल. आईशिवाय तुझं पान हलत नाही बघ."

"नाहीच हलत, आई."

ती ऐटीत दुकानाच्या पायऱ्या उतरली. दुकानदाराने पिशवी उघडत विचारलं, "फळ्या घट्ट करायच्यात ना? स्क्रू किती देऊ?"



"स्क्रू नकोत," थोरला हळूच म्हणाला. "जुने काढायला हे उलटं कसं फिरवायचं, तेवढं दाखवा."