ठोंब्याचं भांडं

भिंगरी शाळेतून उड्या मारतच घरात शिरली. हातात कँटीनचा कागदी डबा, तळाशी बटाट्याचे चारच तळलेले काप उरलेले. खाण्याचे कागदी डबे पास-नापास करणारे साहेब म्हणजे तिचे बाबा, आणि हा डबा त्यांनीच पास केलाय, हे तिने वर्गात सगळ्यांना ऐकवलं होतं. तिने बोटं चाटली आणि उरलेले काप डब्यासकट ठोंब्या कुत्र्यापुढे ठेवले.

बाबांनी झडप घालून डबा ओढला. "अक्कल गहाण टाकलीस का? तेल झिरपू नये म्हणून आतून रसायनाचा लेप असतो त्याला. गरम तेलात तो सुटतो. सगळं पोटात जाईल त्याच्या." डबा कचऱ्यात टाकून त्यांनी ठोंब्याच्या स्टीलच्या भांड्यात दूध ओतलं.

भिंगरीच्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत साचल्यासारखं झालं. "बाबा, मी रोज ह्यातच खाते."

"तुमचं वेगळं गं. माणसाच्या पोटात किती गेलेलं चालतं, ते आम्ही ठरवलंय. हा डबा त्यात बसतो."

"आणि कुत्र्याच्या?"

"कुत्र्याचं कुणी ठरवलेलंच नाही. म्हणून तर जपावं लागतं," ठोंब्याच्या डोक्यावरून हात फिरवत बाबा म्हणाले.

बेसिनमध्ये थुंकून भिंगरीने खळखळून चूळ भरली. ठोंब्याचं दूध संपेपर्यंत ती त्याच्या शेजारी उकिडवी बसून राहिली. मग त्याचं भांडं उचलून खसाखसा घासायला लागली.

"हे काय आता?"

"उद्यापासून कँटीनमध्ये मी हेच नेणार आहे, बाबा."