डावखुऱ्याचा पिक्चर

"चुकतोयस बे आश्रुबा! पिस्तूल त्यानं उजव्या हातानं काढलं," सुंदरराव म्हणाले.

"डाव्या, दादा. डावखुराच होता त्यो."

सुंदरराव सोसायटीचे चेअरमन, आश्रुबा सोसायटीच्या विहिरीवरचा रात्रीचा राखणदार. बहात्तरच्या दुष्काळातली करपलेली दुपार, आणि चेअरमनसाहेब राखणदाराच्या ओट्यावर बसून गोऱ्यांच्या जुन्या पिक्चरवर हुज्जत घालतायत! दारात जीप उभी होती. जीपमध्ये दोन माणसं बसली होती.

हुज्जत पिक्चरची नव्हतीच म्हणा. गावाला घोटभर पाणी मिळेना आणि सोसायटीच्या विहिरीतून टँकर भरून सुंदररावांच्या मोसंबीला जायचा. राखणदार झोपला असेल म्हणून एका रात्री ते स्वतः टँकरसोबत गेले, तर हा खोपीच्या दारात टक्क जागा. डोळे थेट त्यांच्यावर रोखलेले, तोंडातून चकार शब्द नाही. याने आपल्याला पाहिलं, हे सुंदररावांनी धरूनच ठेवलं होतं. उद्या बीडचा साहेब चौकशीला येणार होता. याने तोंड उघडलं की चेअरमनकी गेली, वर बेड्या.

"नारायणगडच्या जत्रेतला तंबू आठवतो?" त्यांनी तंबाखू मळली. "बोलपट आले तरी तो तंबूवाला बाबा जुनी मुकी रिळंच आणायचा. घोडे, टोप्या, नुसतं ठो ठो!"

"रेल्वे लुटणाऱ्याचा लई भारी होता," आश्रुबा खुलला. "बायकोनं शपथ घातली म्हणून सगळा माल वापस करतो. कुणाच्या ध्यानात हाय आता!"

"मला विहिरीवालाच आवडतो. गावात एकच विहीर. मोठा गुरंवाला रात्री पाणी पळवतो. एक गरीब जजाला सांगायला निघतो. पुढं काय होतं रे?"

आश्रुबा म्हणाला, "कोरड्या नदीत त्याचं घोडं तेवढं सापडतं."

"येडं होतं बेणं. गप बसलं असतं तर जगलं असतं." सुंदरराव उठले. "चल, बस जीपमध्ये. चार दिवस मळ्यावर पाहुणा म्हणून राहा. मटण खा, झोपा काढ."

"अन् न्हाई आलो तर?"

"मग घोडं बी सापडायचं न्हाई."

सुंदररावांना क्षणभर त्याची कीव आली. नुकती लग्नं झाली तेव्हा एकाच बैलगाडीतून जत्रेला गेलेली माणसं ती.

"पण दादा, त्यो डावखुराच होता."

सुंदरराव भडकले. "आरं, पडदा तंबूच्या मधोमध! गडी पुढं, बाया पडद्यामागं. मागून बघितलं की उजवा हात डावा दिसतो. बायांत बसलतास का बे?"

जीपमधले फिदीफिदी हसले.

"बसलतो तुमच्याच शेजारी," आश्रुबा म्हणाला. "पण पिक्चर मला मंजुळानं सांगितला, घरी आल्यावर. ती मागं होती."

"कावून? बायकोनं कावून सांगावा? तुला डोळे नव्हते?"

"दिवसा हायेत. दिवस बुडाला की काय बी दिसत न्हाई, दादा. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो न्हाई. मंजुळा रोज रात्री खोपीत असती, माझ्या वाटची राखण तीच करती."

सुंदररावांनी घरात डोकावलं. आत कोणीच नव्हतं.

"कुठंय ती?"

"सकाळच्या यष्टीनं बीडला गेली. एव्हाना साहेबापुढं बसली असंल."