मंगलची बादली

भास्कररावांच्या मोरीत रोज सकाळी सहानंतर अठरा लिटर पाणी गळत होतं, आणि ती गळती आज सापडली नाही तर त्यांचा नळ आपोआप बंद होणार होता. म्हणून गळती शोधणारी ओवी साबळे उजाडताच आली. तिनं भिंतीला यंत्र लावून ऐकलं. पाइप ठणठणीत होता.

सहा वाजले. भास्कररावांनी गिझरचं कढत पाणी बादलीत काढलं, वाफ बघून त्यात गार घातलं, टॉवेल दांडीवर टाकला आणि रिकाम्या खोलीकडे वळून हाक मारली, "मंगल, पाणी काढलंय गं!"

मग ते मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. पाणी पार निवलं, तेव्हा ते बादली ओतायला उठले, आणि ओवीला गळती सापडली. शहरातल्या मोऱ्यांना आता अंगाला लागलेलं पाणी ओळखू येतं. न लागता वाहून गेलेलं पाणी त्या गळती म्हणून कळवतात.

"काकू कधी गेल्या?" तिनं हळूच विचारलं.

"श्रावणात." भास्करराव ओशाळले. "चाळीस वर्षं मीच काढून द्यायचो. लिही तू, पोरी, गळती सापडली म्हणून. उद्यापासून नाही काढणार."

ओवीनं काही लिहिलं नाही. तिनं बादलीची कडी धरली.

"ओतू नका, काका. आधी घटकाभर पाय बुडवून बसा. अंगाला लागलं की ती गळती राहत नाही."

"तिच्या बादलीत पाय?" भास्करराव दचकले. "ओरडेल की गं ती!"

"ओरडू दे," ओवी म्हणाली, आणि तिनं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.