दोन जावा

“दोन जावा एकत्र नांदायलाच तयार नाहीत रे!” वृषाली फोनवर करवादली.

पिंपरी पेंढारच्या घरात, ओटीवर लॅपटॉप मांडून ती एका दूध संघाचा नवा सर्व्हर उभा करत होती. तिची जावा म्हणजे प्रोग्राम जिच्या जिवावर चालतात ते सॉफ्टवेअर. पण तऱ्हा सगळी घरातल्या जावांचीच. संघाचा दुधाच्या नोंदीचा प्रोग्राम जुना, त्याला जुनीच जावा लागायची. शेतकऱ्यांच्या मोबाइलसाठीचं ॲप नवं, त्याला नवीच हवी. नवी घातली की जुना प्रोग्राम आडवा, जुनी घातली की नवं ॲप रुसलेलं. सकाळपासून हाच खेळ चालला होता.

पुण्याच्या ऑफिसातला समर्थ स्पीकरवरून हसला. “अगं, एकीला हाकलतेस कशाला? दोघींनाही ठेव, फक्त चुली वेगळ्या मांड. ज्याला जी जावा चालते, तिचाच पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये लिही. जुन्याला नवी कळत नाही, तर त्याच्या गळी कशाला उतरवतेस?”

डोकं तापलं की साधंच सुचत नाही. वृषालीने तसं केलं, आणि दोन्ही प्रोग्राम गुण्यागोविंदाने सुरू झाले.

आत मात्र तिच्या सासूबाईंनी, कुशाबाईंनी, ताट बाजूला सारलं होतं. “जावांच्या येगळ्या चुली? आमच्या घरात? कोन म्हनतं?” स्पीकरवरचं बोलणं त्यांच्या कानी पडलं होतं. “हिराला बेल्ह्याच्या बाजारातनं येऊ दे. ती आल्याबिगर मी घास खानार न्हाई.”

हिरा त्यांची धाकटी जाऊ. दोघी जन्मभर एका ताटात जेवल्या. हिरा जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण कुशाबाईंचं मन हल्ली मागेच रमायचं. रोज उशाशी बसणारी सून त्या मनातून पुसली गेली होती. “तू कोनाची गं?” त्या विचारायच्या. “मी वृषाली, तुमची सून. हिराकाकू गेल्या, आई,” ती दरवेळी खरं तेच सांगायची. मग हिरा आत्ताच गेल्यासारख्या कुशाबाई रडत राहायच्या.

आज असं करून चालणार नव्हतं. साखरेसाठीचं इन्सुलिनचं इंजेक्शन देऊन झालं होतं. पोटात अन्न जायलाच हवं होतं. वृषालीच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं आणि तिथेच अडलं. जुन्याला नवी कळत नाही. गळी कशाला उतरवायची?

तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि उंबऱ्यात उभी राहिली. पुण्यात वाढलेल्या तिच्या जिभेला हे बोल नवे होते.

“आले गं आक्का. बाजाराला लई गर्दी व्हती.”

कुशाबाईंचा चेहरा उजळला. “बस, बस. भूक लागली आसंल.” त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, भाकरी मोडून अर्धी तिच्याकडे सरकवली आणि खाऊ लागल्या. वृषालीचा जीव भांड्यात पडला. या घरात आता आपलं नाव कुणाच्या तोंडी यायचं नाही, हे तिने मनाशी मान्य करून टाकलं. म्हातारी जेवली, तेवढं पुरे होतं.

एवढ्यात कुशाबाईंचा हात थांबला. त्यांनी ओटीकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

“हिरे, थोडं पिठलं झाकून ठिव गं. लई गुनाची पोर हाय. सकाळधरनं त्या मशिनीम्होरं उपाशी बसलीया, आमची वृषाली.”