उतरलेली बॅटरी

देवळेकर काकांच्या मोटरसायकलची बॅटरी पुन्हा उतरली होती. गॅरेजवाल्या हणमंतने रेग्युलेटर बदलून पाहिला, नवी बॅटरीही घालून झाली. इंजिन चालू केलं की चार्जिंग चोख दिसायचं. उकिडवं बसून बसून त्याच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

"काका, गाडी चालवता तरी का?"

"रोज," काका नजर चुकवत म्हणाले.

संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी घेऊन तो वैतागून त्यांच्या घरीच गेला. ती बसवताच काकांनी अंगणात उभ्या गाडीची किल्ली फिरवली, खिडकीवर हेडलाइटचा उजेड पाडला आणि इंजिन सुरू न करताच दोनदा हॉर्न वाजवला.

"आले वाटतं कामावरून," आतून काकूंचा आवाज आला. "पानं घेते हं!"

"मी रिटायर झालोय हे तिला आठवत नाही," काका कुजबुजले. "मी आल्याशिवाय जेवत नाही." अन् ते लगबगीने आत गेले. किल्ली तशीच राहिली, दिवा जळतच.

त्यांना हाक मारायला हणमंतने तोंड उघडलं, पण आतून काकूंचं हसू ऐकू आलं आणि त्याने तोंड मिटलं.

तेव्हापासून गॅरेज बंद केल्यावर, कितीही दमलेला असला तरी तो वाट वाकडी करून त्या अंगणात जातो आणि किल्ली बंद करतो.