पिशवीची दिष्ट

माझ्या रक्तातलंच काहीतरी माझ्या कातडीवर उठलं होतं. फोड गोळ्यांना दाद देईनात, तेव्हा डॉक्टरांनी रक्त मशीनमधून फिरवायला घेतलं. बिघडलेलं पिवळं पाणी पिशवीत जायचं, त्याच्या जागी चांगलं अंगात यायचं. हळूहळू तोंडातले फोड सुकले आणि एका दुपारी मी चक्क माशांच्या तिखट हुमणात बुडवून पाव खाल्ला!

त्या आनंदात माझी नणंद विनिता मये गावाहून मूठभर मीठ-मिरची घेऊन इस्पितळात आली. मशीन चालू असतानाच, नर्सची नजर चुकवून, तिने माझी दिष्ट काढली.

“गे, माझा अर्धा रगात त्या मशीनात आसा,” मी म्हटलं. “त्याची कोण काढतला?”

“तुझा आपला कायतरीच, वयनी!” ती हसली, पण मूठ मशीनवरूनही ओवाळली. खाली लटकणाऱ्या पिवळ्या पिशवीवरूनसुद्धा.

नर्स आली तेव्हा आम्ही दोघी खिदळत होतो. तीही हसली. मग तिची नजर पिशवीवर गेली.

प्लास्टिकवर फोड आले होते. माझ्या पाठीवर असायचे तसेच, टपोरे, पाण्याने तटतटलेले.

नर्सने एकाला हळूच बोट लावलं.

मला काहीच दुखलं नाही. पिशवीने मात्र अंग चोरलं.